उकिडवे सरांचं सिंगापूर

“हे तुम्हाला खरं वाटणार नाही,” असं म्हणून उकिडवे सरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायला घेतला, की आठवी ‘ब’मध्ये पेनांची टोपणं लागायची आणि मागच्या बाकावर डुलक्या घेणारी पोरंसुद्धा ताठ व्हायची. नकाशा संपला, आता सफर सुरू, हे सगळ्यांना कळायचं.

त्या दिवशी फळ्यावर मलाक्काची सामुद्रधुनी होती. सरांनी ती खडू न उचलता एका रेघेत काढली होती, आणि तिच्या टोकाशी तीळ चिकटवावा तसा एक ठिपका. ते सिंगापूर.

“विषुववृत्त इथून हाकेच्या अंतरावर,” सर म्हणाले. “आमचा पायलट नवखा. त्याला ब्रेक लावायला जरा उशीर झाला आणि विमान गेलं विषुववृत्ताच्या पलीकडे. मग काय, घेतलं रिव्हर्स.”

“सर, विमान रिव्हर्स जातं?” एका पोरानं विचारलं.

“सदाशिव पेठेतल्या बोळात रिक्षा रिव्हर्स जाते, मग विमानाला काय धाड भरलीय?”

वर्ग खदखदून हसला. तिसऱ्या बाकावर बसलेली सरांची नात स्पृहा मात्र हसली नाही. ती तशीही उशिरा हसायची. आधी गोष्ट नीट तपासून घ्यायची आणि मग ठरवायची.

वस्तुस्थिती अशी होती की शरच्चंद्र उकिडवे या गृहस्थानं आयुष्यात पूर्वेला भिगवण, दक्षिणेला कोल्हापूर, उत्तरेला नाशिक आणि पश्चिमेला अलिबाग ही चतुःसीमा ओलांडलेली नव्हती. अलिबागला समुद्र आडवा आला म्हणून थांबले, नाहीतर आफ्रिका दूर नव्हती, असं ते सांगत. तीसएक वर्षं ते भूगोल शिकवत होते आणि तीसएक वर्षं प्रत्येक देशात स्वतः जाऊन आल्यासारखं बोलत होते. हे शिक्षकांच्या खोलीला ठाऊक होतं, शिपायांना ठाऊक होतं, आणि पालकांतले निम्मे तर त्यांच्याच हाताखालून गेलेले. पण पुण्यात माणसाला तोंडावर खोटारडा म्हणत नाहीत. ‘असं होय!’ म्हणतात. सरांनी आयुष्यभर इतके ‘असं होय’ ऐकले होते, की ते पोत्यात भरले असते तर पर्वतीच्या पायथ्याशी दुसरी टेकडी उभी राहिली असती.

अशा माणसाच्या नशिबी खरंच सिंगापूर यावं, ही त्यांच्या सगळ्या थापांपेक्षा मोठी थाप म्हणायची. पण दोन हजार तीन साली ते आलं.

शाळा आता पूर्वीची राहिली नव्हती. दारावरची मराठी पाटी उतरली होती, तिथं इंग्रजी चढली होती. पोरांचे बाप हिंजवडीला जाऊ लागले होते आणि पोरांना बाणेर-औंधच्या नव्या शाळा खुणावू लागल्या होत्या. त्या शाळा म्हणे पोरांना परदेशी सहलीला नेतात. संस्थेचे कार्याध्यक्ष रावसाहेब यांचा धंदा फरशीचा. जुनं उखडून वर चकचकीत बसवायचं, एवढं त्यांना पक्कं कळायचं. त्यांनी सभेत जाहीर केलं की सहल म्हणजे सिंहगड आणि पिठलं-भाकरी हे दिवस गेले, आता मे महिन्यात सिंगापूर. मुलं पुरेशी जमली तर एक शिक्षक फुकट. आणि तो शिक्षक म्हणून त्यांनी निवडलं उकिडवे सरांना.

“पुढच्या वर्षी तुम्ही रिटायर होताय,” रावसाहेब म्हणाले. “शिवाय तुम्ही काय, जाऊन आलेले.” असं म्हणताना ते मिशीत हसले.

सर घरी आले, कोट न काढताच खुर्चीत बसले आणि बायको मंदाकिनी पाण्याचा पेला घेऊन आली तरी त्यांना दिसली नाही. एका तिकिटात उभ्या जन्माच्या थापा धुऊन निघणार होत्या. परत आल्यावर ‘मी सिंगापूरला होतो तेव्हा’ असं म्हणायचं, आणि ते खरं असायचं. निवृत्तीच्या आधी निदान एका देशापुरतं तरी आपण खरं बोललो असू, एवढंच त्यांना हवं होतं. सहलीची निळी टोपी आली, त्या दिवसापासून ती त्यांच्या डोक्यावरून उतरेना. मंदाकिनीबाई म्हणाल्या, आंघोळीच्या वेळी तरी काढा. सरांनी ती काढून खिडकीच्या गजाला अडकवली, म्हणजे तोंडाला साबण असतानाही दिसेल.

आणि मग सार्स आला.

मार्चपासून पेपरात तोंडाला फडकी बांधलेल्या माणसांचे फोटो येऊ लागले. खोकल्यातून पसरतो, औषध नाही, हाँगकाँग झालं, सिंगापूर झालं. सिंगापूरच्या सरकारनं तर शाळाच बंद केल्या. सहल रद्द होणार, हे अगदी सदाशिव पेठेतल्या दूधवाल्यालासुद्धा वाटलं. पण दूधवाल्याला आपल्या लोकांची खोड ठाऊक नव्हती.

गोष्ट अशी होती की तोवर जेवणं होऊन गेली होती.

परदेशी निघालेल्या माणसाला घरी जेवायला बोलवायचं, ही आपली जुनी पद्धत. पूर्वी शिकायला अमेरिकेला निघालेल्या घोड्यांना बोलवायचे, आता तेरा वर्षांच्या शिंगरांना. स्पृहा मावशीकडे श्रीखंड-पुरी जेवली, आत्याकडे आमरस जेवली, शेजारच्या वाडेकरांकडे तर तिला पाटावर बसवून ओवाळलं, ओटीत नारळ आणि हातात पाकीट दिलं. प्रत्येक मुलाचं असंच. चौकात मुलांच्या फोटोंचा फलक लागला, त्यात सगळ्यात मोठा फोटो रावसाहेबांचा, जे सहलीला जाणारच नव्हते. आता इतकं झाल्यावर माघार घ्यायची कशी? ओवाळून घेतलेलं तोंड घेऊन जिन्यात कुणाला सामोरं जायचं? समोरच्या गॅलरीतून पुढची दहा वर्षं प्रश्न आला असता, ‘काय, नाही का गेलात?’ आणि पुण्यात तो प्रश्न काळजीपोटी विचारत नाहीत.

सरांच्या घरात यावरून तोंडं फिरली होती. मुलगा केदार कॉम्प्युटरच्या कंपनीत. चारदा अमेरिकेला जाऊन आलेला आणि त्यामुळे बापाच्या प्रवासांबद्दल घरात अवाक्षर न काढणारा. त्याचं म्हणणं, ऑफिसातल्या साहेबाच्या मुली स्वित्झर्लंडला जातात आणि आपण इथल्या इथं घाबरायचं?

“पोरीच्या जिवापेक्षा श्रीखंड मोठं झालं का रे?” मंदाकिनीबाईंनी विचारलं.

“आई, तिकडचे लोक आपल्यापेक्षा शंभरपट स्वच्छ आहेत,” केदार म्हणाला, आणि मोरीशी जाऊन घसा खाकरून थुंकला.

त्याची बायको नम्रता ओट्याशी उभी होती. तिला पोरीला पाठवायचं नव्हतं, हे तिच्या पाठीवरून दिसत होतं. पण सासरेच बरोबर जाणार म्हटल्यावर ती काय बोलणार? सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी पेपर वर केला.

पेपरात मेलेल्यांचा आकडा होता. तो कालच्यापेक्षा फारसा वाढलेला नाही, हे वाचून सरांना बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून त्यांना स्वतःची अशी शिसारी आली, की चहात माशी पडल्यासारखा त्यांनी कप दूर सारला. लांबच्या देशात माणसं गुदमरून मरताहेत आणि आपण त्यांच्या मढ्यांवर आपलं विमान उतरेल का, ते बघतोय. तरीही दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी तोच आकडा पाहिला. तिसऱ्या दिवशीही.

एप्रिलातल्या एका दुपारी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि आजोबा-नात कावळ्यांवर पहारा करत होते. सरांनी आजूबाजूला पाहिलं. गच्चीवर दुसरं कुणी नव्हतं, तरी ते स्पृहाच्या जवळ सरकले.

“स्पृहे, बाबाला सांगू नकोस, पण तुला ठाऊक असेल. विमानाची खिडकी उघडता येते का गं?”

स्पृहानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. “का?”

“मला गाडी लागते ना. एसटीत मी खिडकीशी बसतो, तोंडावर वारा आला की उमासा बसतो खाली. आवळासुपारी घेणार आहेच बरोबर. पण वारा तो वारा.”

एक कावळा कठड्यावर आला, त्याला स्पृहानं हाकललं नाही. मग त्याला कुरडईचा तुकडा मिळाला आणि तो आपणहून गेला.

“नाही उघडत,” ती म्हणाली.

“बरं. कुणाला सांगू नकोस हं, मी विचारलं म्हणून.”

“नाही सांगत.”

थोड्या वेळानं तिनं विचारलं, “आजोबा, तिथं मला खोकला झाला तर?”

“आलं-लिंबू घ्यायचं. आजी देणार आहे बाटलीत.”

“तसं नाही. तिथं खोकला झाला की वेगळं ठेवतात. मी बाबांच्या इंटरनेटवर वाचलं. काचेपलीकडे. घरच्यांना येऊ देत नाहीत.”

“मी असेन ना तुझ्याबरोबर.”

“तुम्हालाही येऊ देणार नाहीत.”

सरांच्या तोंडात ‘हे तुला खरं वाटणार नाही’ आलं होतं. आजवर कुठल्याही प्रश्नाला ते पुरलं होतं. पण पोरगी त्यांच्याकडे अशी बघत होती, की त्यांनी ते परत गिळलं. ते उठले आणि कुरडया उलटवू लागले. त्या अजून ओल्या होत्या, उलटवण्याजोग्या झालेल्या नव्हत्या, त्यांच्या हातात तुटल्या.

दोन दिवसांनी शाळेच्या सभागृहात पालकांची सभा झाली. सहल न्यायची की नाही, ते सर्वांनी मिळून ठरवायचं, असं नोटिशीत लिहिलं होतं. पण रावसाहेबांनी तयारी अशी केली होती, की ठरवायला काही उरू नये. सहलीला जाणाऱ्या मुलांना निळे टी-शर्ट घालून सगळ्यांत पुढे सतरंजीवर बसवलं होतं. आपल्या पोराच्या छातीवर सिंगापूर लिहिलेलं असताना कोण आईबाप उठून ‘नको’ म्हणेल? मागे बटाटेवड्यांची पातेली, त्यांच्या तेलाचा दर्प, आणि वर पंखे असे की उकाडा फक्त एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर ढकलत होते.

रावसाहेबांना उन्हाळी सर्दी झाली होती. ते रुमालात नाक शिंकरत, मग रुमाल उघडून आत काय निघालं ते तपासून बघत, मग त्याची घडी घालत, आणि त्याच हातानं सतरंजीवरच्या एकेका पोराच्या गालाला हात लावत म्हणत, “काय, मजा आहे बुवा तुमची.” सरांनी व्यासपीठावरून ते पाहिलं. पहिल्या रांगेतल्या आयांनीही पाहिलं. एका आईनं पदरानं पोराचा गाल पुसला.

मग सभेत एकेक प्रश्न येऊ लागला. एका बाईंनी विचारलं, शाकाहारी माणसाला हा रोग होतो का. सहल कंपनीच्या तरुणानं सांगितलं की आपला स्वयंपाकी महाराज बरोबर असतो, कांदा-लसूणसुद्धा नाही, त्यामुळे प्रश्नच येत नाही. एका डॉक्टर पालकांनी, ज्यांच्या स्वतःच्या दोन मुली सतरंजीवर होत्या, कापराच्या पुरचुंडीचा उपाय सुचवला. मंडईत चांगला भीमसेनी मिळतो म्हणाले. एका गृहस्थांना फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की रोगामुळे तिकडच्या दुकानांत भाव उतरले असतील का. लोक हसले. वडे फिरू लागले. तेलकट बोटांनी माणसं एकमेकांना सांगू लागली की तिकडे स्वच्छता किती असते. मुलांना कुणीच काही विचारलं नाही. ती टी-शर्टांत घामेजून मांडी घालून बसली होती, बाजारात मांडलेल्या मडक्यांसारखी. टिचकी मारून बघायलासुद्धा कुणी आलं नाही.

शेवटी नम्रता उठली. तिचा हात अर्धाच वर गेला होता.

“तिकडच्या सरकारनं मुलांच्या शाळा बंद केल्या होत्या,” ती म्हणाली. “त्यांनी स्वतःच्या मुलांना घरी बसवलं, आणि आपण आपली मुलं तिथं फिरायला नेतोय. हे मला काही...”

दोन-तीन माना हलल्या. तेवढ्यात रावसाहेब उठले.

“नम्रताताई, अहो, तुमचे सासरेच बरोबर चाललेत. ते जाऊन आलेले आहेत, हे तर इथं सगळ्यांना ठाऊक आहे.” इथं ते थांबले आणि लोकांत खसखस पिकली. “मग आपण त्यांनाच विचारू या ना. सर, सांगा. पाठवायची का मुलं?”

नम्रतानं नवऱ्याकडे पाहिलं. केदार मोबाइलकडे बघत होता.

सर उठले. डोक्यावर निळी टोपी होती. समोरची निम्मी तोंडं त्यांच्या ओळखीची. कुणाच्या कानाला त्यांनी कधी काळी पीळ दिलेला, कुणाला नकाशाला पैकीच्या पैकी. ही माणसं आजवर त्यांना ‘असं होय’ म्हणत आली होती. आज मात्र ती पुढे वाकून बसली होती. सरांच्या ध्यानात आलं, की यांना खरं-खोटं ठाऊक नाही असं मुळीच नाही. यांना सगळं ठाऊक आहे. यांना आज थाप हवीच आहे, आणि शाळेत थापांचं दुकान एकच.

एक ‘नको’ म्हटलं असतं तर संपलं असतं. पण ‘नको’ म्हटलं की विमानही संपलं, आणि मग उरलं भिगवण, कोल्हापूर, नाशिक, अलिबाग. हात आपोआप चष्म्याकडे गेला.

“हे तुम्हाला खरं वाटणार नाही,” सर म्हणाले.

लोक खुर्च्यांत सैलावले.

सर सांगू लागले. सिंगापूरच्या मोठ्या रस्त्यानं ते चालले होते. हातात मंदाकिनीनं बांधून दिलेला बेसनाचा लाडू. धक्का लागला आणि लाडू पडला रस्त्यावर. पुण्यात असता तर कुत्र्यानंसुद्धा दोनदा विचार केला असता. सरांनी उचलला, फुंकरही न मारता खाल्ला. तोच शिट्टी वाजली. पोलीस. सरांना वाटलं, रस्त्यावरचं खाल्लं म्हणून पकडणार. तर पोलिसानं खिशातून फडकं काढून त्यांच्या हातात दिलं, आणि सांगितलं, रस्ता पुसा, तुमच्या लाडवानं तो तुपकट झाला.

सभागृह असं हसलं की पातेल्यांवरची झाकणं वाजली. डॉक्टरसाहेब डोळे पुसत होते. ज्या आईनं गाल पुसला होता, तीही हसली, आणि हसल्यावर तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. सरांना ते दिसलं. असं ओझं उतरवणं त्यांना फार छान जमायचं. आत्ता मात्र आपण लोकांना काहीतरी नासकं वाढतोय आणि ते बोटं चाटून खाताहेत, असं त्यांना वाटलं. तरी जीभ थांबेना.

“अशा गावात रोगानं उभं तरी कुठं राहायचं?” ते म्हणाले. “मी पाहिलंय ना ते. या डोळ्यांनी पाहिलंय. पोरं बिनधास्त पाठवा. माझ्या भरवशावर पाठवा.”

टाळ्या झाल्या. रावसाहेबांनी रुमालासकट टाळ्या वाजवल्या. नम्रता हळूच खाली बसली.

टाळ्या थांबल्या तेव्हा सतरंजीवर एक हात वर होता. सरांचा वर्गात नियम होता: प्रश्न असेल त्यानं हात वर करायचा, मग उभं राहायचं, मग बोलायचं. स्पृहानं आधी हात वर केला. मग ती उभी राहिली. निळा टी-शर्ट तिला बराच मोठा होता. तो गुडघ्यांपाशी आला होता, आणि तिनं त्याचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. तिचा चेहरा रडवेला नव्हता, रागीटही नव्हता. तिला खरोखरच उत्तर हवं होतं.

“आजोबा,” ती म्हणाली, “तुम्ही जाऊन आलाय ना, मग परवा गच्चीवर मला का विचारलंत, विमानाची खिडकी उघडता येते का?”

कुणी हसलं नाही. कुणी ‘असं होय’ही म्हटलं नाही. मागे कुणाच्या तरी हातातला वडा ताटलीत परत ठेवल्याचा आवाज झाला.

सरांनी टोपी काढली. तिच्या कडेवर फळ्याचा खडू बसला होता, तो अंगठ्यानं नीट झटकला, आणि ती रावसाहेबांसमोरच्या टेबलावर ठेवली.